पाच किलोमीटरचं पाणी कुणी राखलं?



सध्या बंदीचे दिवस आहेत. ट्रॉलर जेटीला बांधलेत, जाळी दुरुस्तीला काढलीत आणि 1 ऑगस्ट कधी उजाडतो याची सगळेच वाट बघतोय. मागच्या आठवड्यात जाळं शिवता शिवता एका तरुण सभासदाने विचारलं, "किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत ट्रॉलर मारायचा नाही, हा नियम सरकारने काढला कशाला?" त्याच्या बोलण्याचा सूर असा, की सरकारने उगाच आपल्या मागे त्रास लावलाय.

आम्ही त्याला सांगितलं, बाबा, हा नियम सरकारला आपणहून सुचलेला नाही. तो आपल्याच माणसांनी रस्त्यावर बसून, उपाशी राहून मिळवलाय. त्याला हे माहीत नव्हतं. चूक त्याची नाही, आम्ही मोठ्यांनी कधी सांगितलंच नाही. म्हणून आज हे लिहितोय.

गोवा 1961 साली मुक्त झाला, तेव्हा आपल्या किनाऱ्यावर मुख्य मासेमारी होती रापणीची. आताच्या पोरांनी रापण बघितली असेल ती बहुतेक पर्यटकांच्या फोटोत. होडीतून जाळं टाकत अर्धा गोल घ्यायचा, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्हीकडून माणसांनी ओढायचं. एकट्यादुकट्याचं हे काम नाही, अख्खा वाडा लागायचा. मग वाटे पडायचे: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या हातांचा वाटा. किनाऱ्याजवळ आलेला बांगडा, तारली यांच्यावर कितीतरी घरं चालायची.

मग सरकारने यांत्रिक मासेमारीला कर्ज आणि सबसिडी दिली. ट्रॉलर आले. त्यात काही आपले होते, पण कधी दर्यात न उतरलेले पैसेवालेही खूप होते. कोळंबीला परदेशात भाव मिळायला लागला होता आणि कोळंबी सापडते उथळ पाण्यात, किनाऱ्याजवळ. म्हणजे जिथे रापण पडायची, तिथेच ट्रॉलर फिरायला लागले. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं. कोळंबीबरोबर बारकी मासळी, अंडी, तळावरचं सगळंच वर येतं. वाटेत गरिबाची जाळी आली तर ती फाटून जातात. रापणीला मासळी गावेना. दर्यात भांडणं सुरू झाली.

1970 च्या दशकात रापणकार एकत्र आले. "गोंयच्या रापणकारांचो एकवट" ही संघटना उभी राहिली. पुढारी होते माथानी साल्ढाणा, पेशाने शाळामास्तर. खत कारखान्याच्या सांडपाण्याने किनाऱ्यावरची मासळी मरू लागली, तेव्हा त्या प्रदूषणाविरुद्धच्या लढ्यातही तेच पुढे होते. पुढे ते आमदार झाले, मंत्री झाले आणि मार्च 2012 मध्ये मंत्रिपदावर असतानाच वारले. त्यांचं राजकारण कुणाला पटो न पटो, पण दर्या नासला तर आधी गरिबाची चूल विझते, हे सरकारदरबारी ठणकावून सांगणाऱ्या पहिल्या माणसांत ते होते.

एकवटाची मागणी साधी होती. किनाऱ्याजवळचं पाणी छोट्यांसाठी राखा आणि पावसाळ्यात मासळीची वीण होते तेव्हा ट्रॉलर बंद ठेवा. त्यासाठी मोर्चे निघाले, धरणी झाली, उपोषणं झाली. हा प्रश्न एकट्या गोव्याचाही नव्हता. केरळ, तामिळनाडू, सगळीकडे हेच चाललं होतं. म्हणून 1978 मध्ये देशभरच्या छोट्या मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच तयार झाला आणि त्याचं अध्यक्षपद आपल्या माथानीबाबांकडे आलं. आज त्याच मंचाला नॅशनल फिशवर्कर्स फोरम म्हणतात.

शेवटी 1980 चा गोवा, दमण आणि दीव सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. त्याच वर्षी केरळनेही कायदा केला, 1981 मध्ये महाराष्ट्राने. पाच किलोमीटरचा पट्टा राखला गेला तो ह्या कायद्याखाली. ट्रॉलरवाले आणि पर्ससीनवाले ठिकठिकाणी कोर्टात गेले. केरळचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं. 1993 मध्ये कोर्टाने पारंपरिक मच्छीमारांच्या बाजूने निकाल दिला आणि राज्याच्या हद्दीतल्या पाण्यातली पर्ससीनबंदी कायम ठेवली. छोट्या माणसाचं पोट राखण्यासाठी सरकार यांत्रिक मासेमारीवर बंधन घालू शकतं, हे तिथे पक्कं झालं.

आणखी एक गोष्ट पोरांना सांगण्यासारखी आहे. एप्रिल 1989 मध्ये ह्याच राष्ट्रीय मंचाने पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांवरून यात्रा काढली. घोषणा होती, पाणी वाचवा, जीवन वाचवा. गावोगाव सभा घेत दोन्ही जथे 1 मे रोजी कन्याकुमारीला भेटले. मंचाचे पुढारी तेव्हा केरळचे फादर थॉमस कोचेरी. हजारो मच्छीमार जमले होते, बायका मोठ्या संख्येने होत्या. शेवटच्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला, माणसं जखमी झाली. मागणी काय होती? मासळी द्या, असं ते म्हणत नव्हते. पाण्यात विष सोडू नका, किनारा विकू नका, एवढंच म्हणत होते. 19 फेब्रुवारी 1991 रोजी सीआरझेडची अधिसूचना निघाली आणि भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या बांधकामावर बंधनं आली. ती एकट्या यात्रेमुळे आली असं नाही, पण किनाऱ्यावरचा आवाज दिल्लीत पोचवण्यात ह्या माणसांचा वाटा होता. आज आपण होड्या ओढून ठेवतो, मासळी सुकवतो ती मोकळी रेती जिथे उरली आहे, तिथे ह्या लोकांची आठवण काढायला हवी.

आता आजच्याकडे येऊ.

आज भांडण ट्रॉलर आणि रापण एवढंच राहिलेलं नाही. आता एलईडी आलंय. जनरेटर लावून रात्री पाण्यावर आणि पाण्याखाली दिवे सोडायचे. उजेडाला बारके जीव येतात, त्यांच्या मागे मासळी येते, मोठी येते आणि पिल्लंही येतात. मग एका फेरीत सगळं घेरून उचलायचं. आपल्या राज्यात हे बंद आहे. राज्याच्या हद्दीबाहेर, म्हणजे बारा सागरी मैलांच्या पलीकडेही केंद्राने 10 नोव्हेंबर 2017 पासून एलईडी आणि बुल ट्रॉलिंग बंद केलं आहे. तरी रात्री दर्याकडे बघा, दिवे दिसतात.

आणि ते सगळे दिवे बाहेरच्यांचे नाहीत. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते, पण लिहायला हवं. गेल्या हंगामात आपल्याच एका बोटीवर हे सामान होतं. जेटीवरच्या सगळ्यांनी बघितलं. आम्हीही बघितलं. आम्ही गप्प बसलो. आपलाच माणूस, कर्ज डोक्यावर, पोरीचं लग्न तोंडावर, कशाला बोला, असं म्हणून सोडून दिलं. त्याच महिन्यात कांडाळी लावणारे तीन सभासद आमच्याकडे आले होते. डिझेलचे पैसे सुटत नव्हते, उचल मागत होते. त्यांना उचल दिली, पण त्यांच्या वाटची मासळी कुठे गेली हे मात्र सांगितलं नाही. ह्यात दोष सोसायटीचा आहे, म्हणजे आमचा आहे.

ट्रॉलरवाल्या बंधूंनी हे आपल्यावर आहे असं समजू नये. सोसायटीत तुम्हीही आहात, होडीवालेही आहेत, आणि दोघांचं पोट एकाच पाण्यावर आहे. आज किनाऱ्याजवळ वाढलेलं पिल्लू उद्या खोल पाण्यात तुमच्याच जाळ्यात येणार. 1980 साली रापणकार आपल्यासाठी लढले, पण त्यांनी राखलेलं पाणी तुमच्याही कामाला आलं. 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी आपण पाळतो, त्याचं फळ ऑगस्टमध्ये सगळ्यांनाच मिळतं की नाही?

म्हणून बंदी उठायच्या आधी होणाऱ्या सभेत कार्यकारिणी तीन ठराव मांडणार आहे.

पहिला: ज्या बोटीवर एलईडीचं सामान सापडेल, तिच्या डिझेल सबसिडीच्या कागदावर सोसायटी सही करणार नाही. कुणाचाही भाऊ असो, अध्यक्षाची बोट असो.

दुसरा: बारकी मासळी लिलावात घ्यायची नाही. केरळने तारलीसाठी 10 सेंटीमीटर आणि बांगड्यासाठी 14 सेंटीमीटर अशी कमीत कमी लांबी ठरवली आहे. तोच आकडा आपण धरू. लिलावाच्या जागी लाकडी पट्टी ठेवू, आणि मापायचं काम मासळी विकणाऱ्या बायकांकडे देऊ. हातात घेतलं की त्यांना कळतं, आणि त्या कुणाला घाबरत नाहीत.

तिसरा: ज्याने कर्जापायी असलं सामान घेतलं आहे त्याने बंदीच्या काळात येऊन सांगावं. हप्ते बसवून देण्यासाठी सोसायटी बँकेकडे सोबत येईल. आधी येऊन सांगेल त्याचं नाव चारचौघांत घेतलं जाणार नाही.

तिसऱ्या ठरावावर कार्यकारिणीत वाद झाला. काहींचं म्हणणं, चोराला कसली सवलत? त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण आम्हाला वाटतं, माणूस कर्जात बुडालेला असेल तर नुसत्या दंडाने तो थांबत नाही, रात्रीचा आणखी लांब जातो. तुम्हाला काय वाटतं ते सभेत येऊन बोला. विरोध असेल तरी या. घरच्या बायकांनाही घेऊन या, सभा फक्त पुरुषांची नाही.

जुन्या लोकांनी ओळखपाळख नसलेल्या सरकारशी भांडून पाणी राखलं. आपल्याला भांडायचंय ते आपल्याच जेटीवर, आपल्याच माणसांशी. ते जास्त अवघड आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण आता गप्प बसणार नाही, एवढा शब्द देतो.

सभेची तारीख आणि वेळ सोसायटीच्या फळ्यावर लावली आहे. हा मजकूर जे फोन वापरत नाहीत, त्यांना वाचून दाखवा.

आपला,
सचिव, कार्यकारिणीच्या वतीने