डाय शाबूत आहे तोवर

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने टायगर-१ रणगाडे बांधले जेमतेम साडेतेराशे. अमेरिकेच्या शर्मनचा आकडा पन्नास हजारांच्या जवळ गेला. पण रणगाड्यांची डाय-कास्ट मॉडेलं जमवणाऱ्या कुणाचंही कपाट उघडा, शर्मन असेल-नसेल, टायगर दोन-चार तरी निघतातच. ब्रिटनमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये १३१ क्रमांकाचा टायगर आहे. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात तो ब्रिटिशांच्या हाती लागला आणि आजही चालतो. त्या एका रणगाड्याची मॉडेलं कितीतरी कंपन्यांनी, वेगवेगळ्या मापांत, पुन्हा पुन्हा काढली. याउलट चेन्नईजवळच्या आवडीत बनलेला आपला विजयंत. त्याचं डाय-कास्ट मॉडेल माझ्या हातात आजवर पडलेलं नाही. तेव्हा रणांगणावरच्या दुर्मिळपणाचा आणि कपाटातल्या दुर्मिळपणाचा काही संबंध नाही. कपाटातला दुर्मिळपणा ठरतो टूल रूममध्ये, जिथे डाय, म्हणजे ओतकामाचे साचे, बनतात.

हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण माझी नोकरी त्याच खात्यात झाली. भोसरी एमआयडीसीतल्या प्रेशर डाय-कास्टिंगच्या शॉपमध्ये आम्ही कुलपांच्या बॉड्या, हँडलं, कार्बोरेटरचे भाग काढायचो. धातू तोच, जो खेळण्यातल्या रणगाड्यात असतो: जस्त आणि त्यात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम. त्यामुळे कुणी एखादं मॉडेल दाखवलं की बाकीचे लोक तोफ बघतात, रंग बघतात. मी आधी ते उलटं करतो. पोटाची बाजू खोटं बोलत नाही.

जस्ताचा हा मिश्रधातू चारशे अंशांच्या आतच वितळतो. पोलादी डायचे दोन भाग मशीनवर घट्ट मिटतात, दाबाखाली धातू आत जातो, काही सेकंदांत गोठतो, डाय उघडते आणि इजेक्टर पिना कास्टिंग बाहेर ढकलतात. याला आमच्याकडे 'शॉट' म्हणतात. ॲल्युमिनियमच्या मानाने जस्त थंड आणि मवाळ. ॲल्युमिनियमच्या डायला लाखभर शॉटनंतर उष्णतेच्या भेगा पडायला लागतात, तर जस्ताची नीट सांभाळलेली डाय दहा लाख शॉटपर्यंतही जाऊ शकते. रणगाड्याचं मॉडेल विकून विकून किती विकणार? मागणी संपते, डाय संपत नाही. तिला तेल लावून रॅकवर ठेवतात. पुन्हा बाजारात काढण्याची, म्हणजे रीइश्यूची, सगळी कथा या रॅकवरून सुरू होते.

सॉलिडो ही फ्रान्समधली १९३० च्या दशकातली कंपनी. साठच्या दशकात तिने १:५० मापात लष्करी वाहनांची मालिका काढली आणि तिची सर जनसामान्यांच्या किमतीत तेव्हा कुणाला नव्हती. रणगाड्याचे पट्टे रबराचे नाहीत, सुट्या धातूच्या कड्या एकमेकींत अडकवलेले. टेबलावर ढकलला की खुळखुळत चालतो. माझ्याकडे सॉलिडोचे दोन टायगर आहेत. एक जुना, एक वीसेक वर्षांनंतरचा. दोन्हींच्या पोटावर १९६९ हेच साल आहे. विकणारा ते साल बोटाने दाखवून जुन्याची किंमत सांगतो, आणि घेणारा फसतो, कारण ते साल डायचं आहे, शॉटचं नव्हे. मॉडेल त्या डायमधून केव्हाही निघालेलं असो, पोटावर साल तेच उमटणार.

मग फरक कुठे दिसतो? दहापट भिंग आणि तिरपा उजेड घेऊन मागच्या डेकवर, इंजिनाच्या जाळ्यांपाशी बघायचं. जुन्यावर जाळीच्या पट्ट्यांना धार आहे, बोल्टची डोकी वेगवेगळी मोजता येतात. नंतरच्यावर तीच डोकी झिजल्या साच्यातल्या मोदकाच्या कळ्यांसारखी बुजलेली. कडेने, जिथे डायचे दोन भाग मिटतात तिथे, जुन्यावर पार्टिंग लाइन केसाएवढी. नंतरच्यावर ती बोटाला लागते, म्हणजे मिटणारी कड झिजली आणि फटीतून धातूचा पापुद्रा बाहेर यायला लागला. तो घासून काढल्याच्या रेघा रंगाखालून दिसतात.

आणखी एक खूण मला फार आवडते. नंतरच्या टायगरच्या मडगार्डवर, एका कोपऱ्यात, खसखशीएवढ्या चार-पाच पुटकुळ्या आहेत. कुणीही म्हणेल, रंग फुगला. पण रंग नव्हे, धातूच तसा आहे. रॅकवर पडलेल्या डायचं तेल सुकलं, पोलादावर गंजाचे खड्डे पडले आणि पुढच्या शॉटमध्ये ते खड्डे कास्टिंगवर उंचवटे होऊन आले. ही डाय मधली काही वर्षं वापराविना पडून होती, हे कंपनीच्या कॅटलॉगपेक्षा त्या पुटकुळ्या नेमकं सांगतात.

'रीइश्यू' म्हणून जे काही विकलं जातं, त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची सरमिसळ झाली की भांडणं होतात. पहिली, तीच डाय, तेच मॉडेल, फक्त रंग आणि खोकं नवं. १९८० मध्ये सॉलिडो माजोरेत कंपनीकडे गेल्यावर आणि पुढे १९९४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईला पन्नास वर्षं झाली तेव्हा असे शर्मन भरपूर निघाले. दुसरी, तीच डाय पण दुरुस्त केलेली: झिजलेला भाग घासून नीट केलेला, किंवा एखादा इन्सर्ट, म्हणजे डायचा सुटा भाग, बदलून तोफेचा बुरूज वेगळा केलेला. डाय घासली की तिच्यातली पोकळी मोठी होते आणि तिच्यात कोरलेला रिव्हेटचा खड्डा उथळ होतो, म्हणून मॉडेलवरचा रिव्हेट बसका येतो. तिसरी, जुन्या मॉडेलवरून केलेली नवी डाय. आणि चौथी, सरळसरळ नक्कल.

तिसरी आणि चौथी ओळखायला माझ्याकडे व्हर्निअर आहे. जस्त गोठताना साधारण अर्धा ते पाऊण टक्का आक्रसतं. मूळ टूलमेकर ती घट धरून डाय थोडी मोठी कापतो. नक्कल करणारा मॉडेलचंच माप घेऊन डाय कापतो, त्याचं कास्टिंग पुन्हा आक्रसतं आणि आणखी लहान येतं. १:५० च्या टायगरचा सांगाडा सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास लांब. नक्कल पाऊण मिलिमीटरने कमी भरते. डोळ्याला कळत नाही, व्हर्निअरला लगेच कळतं. हल्ली थ्री-डी स्कॅन करून घट आधीच मिळवतात, त्यामुळे चांगल्या कंपनीच्या नव्या डायचं मॉडेल या परीक्षेत उत्तीर्ण होतं. तिथे मग पुन्हा कडा आणि पोट.

डायचा प्रवास किती लांबवर होतो, याची एक कथा तर आपल्या देशातच घडली. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनो कंपनीच्या डिंकी टॉइज बनत. साठच्या दशकाच्या अखेरीला कंपनीने उताराला लागलेल्या मॉडेलांच्या काही डाय कलकत्त्याच्या एका उत्पादकाला विकल्या आणि तीच वाहनं 'निकी टॉइज' नावाने निघायला लागली. आयातीला बंदी असलेल्या त्या काळात भारतीय मुलांना डिंकीच्या सगळ्यात जवळ जाणारी वस्तू हीच. कास्टिंग जरा ओबडधोबड, रंग जाड. ब्रिटिश संग्राहक बरीच वर्षं त्यांच्याकडे नाक मुरडून बघायचे. आता तेच त्या शोधतात, कारण त्या कमी निघाल्या आणि खेळून खेळून संपल्या. एकाच डायचा मूळ शॉट घरोघरी आणि 'उतरलेला' शॉट दुर्मिळ, असाही उलटा हिशेब होतो.

डिंकीचा ६५१ क्रमांकाचा सेंच्युरियन १९५४ मध्ये आला आणि सत्तरच्या सुमारापर्यंत विकला गेला. इतकी वर्षं चाललेली वस्तू दुर्मिळ कशी असेल? ती नाहीच. तिच्यात दुर्मिळ असतात ते बारकावे: खालची चाकं आधी धातूची होती, पुढे प्लास्टिकची झाली, खोकं निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, त्याचा आतला पुठ्ठा शाबूत हवा. सेंच्युरियनशी आपलं नातं वेगळं आहे. १९६५ च्या युद्धात फिलोऱ्याला लेफ्टनंट कर्नल तारापोर यांच्या पूना हॉर्सने याच रणगाड्यांवर लढाई केली. नगरच्या टँक म्युझियममध्ये खरा सेंच्युरियन उभा आहे. त्याच्या बाजूच्या चिलखती पाट्या सुट्या, आड बसवलेल्या आणि त्यांच्यामागे चाकांची यंत्रणा. डिंकीने पाट्या आणि सांगाडा एकसंध ओतलाय. मागची पोकळी ओतायची तर डायला सरकते कोअर लावावे लागले असते आणि मुलांच्या खाऊच्या पैशांत ते बसलं नसतं. नगरला तो रणगाडा बघितल्यावर डिंकीवाल्यांनी कुठे कात्री लावली, हे मला जास्त नीट कळलं.

मेकॅनोचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. डिंकी हे नाव १९८७ मध्ये मॅचबॉक्सच्या मालकांकडे आणि दहा वर्षांनी मॅटेलकडे गेलं. पुढे ॲटलस एडिशन्सने जुन्या डिंकी नव्या डाय करून चीनमध्ये बनवल्या, खोक्यांसकट. म्हणजे नाव एकीकडे आणि मॉडेल भलतीकडून आलेलं.

आजच्या १:७२ च्या रणगाड्यांचा मामला आणखी वेगळा. छापील आकड्याची 'लिमिटेड एडिशन' असते, कधी सोबत क्रमांकाचं कार्डही. पण तो आकडा त्या रंगसंगतीचा, त्या पथकाच्या चिन्हाचा असतो. डाय तीच. यंदा वाळवंटी रंग, पुढल्या वर्षी हिवाळ्याचा पांढरा. शब्दाला कंपनी जागली असंच म्हणायचं. मर्यादित काय होतं ते आपणच वाचलं नाही. एखाद्या जुन्या मॉडेलचा रीइश्यू येतोय अशी कुणकुण लागली की काही जण आपले तुकडे घाईने काढतात. विकण्यासाठी घेतलेला माल असाच विकला जातो.

मग रीइश्यूला काय परत आणता येत नाही? सॉलिडोच्या खोक्यात चिन्हांचा कागद सुटा मिळायचा, पाण्यात भिजवून आपण चिकटवायचा. कुणी क्रूस वाकडा लावला, कुणी सगळाच कागद तसाच ठेवला. तो न वापरलेला कागद आज मॉडेलच्या किमतीत चांगली भर घालतो. नंतरच्यांवर चिन्हं कारखान्यातच छापलेली येतात. सुबक, सगळी सारखी.

दुसरी गोष्ट म्हणजे इतकी वर्षं टिकणं, आणि त्याच्या आड येतो जस्ताचा रोग. मिश्रधातूत शिशाचा अंश गेला की दमट हवेत कणांच्या सांध्यांतून गंज आत शिरतो. मॉडेल फुगतं, वेडंवाकडं होतं, तडे जातात आणि एके दिवशी हातात चुरा येतो. त्यावर औषध नाही. युद्धापूर्वीच्या डिंकी मोठ्या संख्येने अशाच गेल्या. १९३३ च्या डिसेंबरात मेकॅनोने २२ क्रमांकाच्या मालिकेत जो छोटा रणगाडा काढला, तो सुरुवातीला शिशाचा होता, म्हणून या रोगातून सुटला, आणि त्याच्या आत 'हॉर्नबी सिरीज' अशी अक्षरं होती. पुढच्याच वर्षी मालिकेला डिंकी हे नाव मिळालं आणि अक्षरं बदलली. त्या पहिल्या अक्षरांचा रणगाडा खरा दुर्मिळ. तो दुर्मिळपणा तीन चाळण्यांतून आलाय: थोडे महिने निघाला, मुलांच्या हातून वाचला आणि नव्वद वर्षं टिकला. त्यातली पहिली चाळणी कंपनी पुन्हा लावू शकते, बाकीच्या दोन तिच्या हातात नाहीत.

आपल्याकडच्या संग्राहकाला चौथी चाळणी आहे ती कस्टम्सची. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठवर गेलं, २०२३ मध्ये सत्तरवर. छोट्या मापाची मॉडेलं त्याच शीर्षकाखाली येतात. त्यामुळे परदेशात सहज मिळणारा रीइश्यूही इथे 'रेअर'च्या भावात विकला जातो. पुण्याच्या जुन्या बाजारात क्वचित एखादा रणगाडा दिसतो, पण बहुधा नवा रंग फासून. घेण्याआधी पट्टा हलवून बघायचा, तोफेच्या मुळाशी गोंद दिसतो का बघायचं आणि पोटाचे रिव्हेट ड्रिलने उडवून पुन्हा ठोकलेत का ते बघायचं. कारखान्यातला रिव्हेट एका ठोक्यात गोल पसरतो, घरी ठोकलेल्याच्या कडा फाटतात.

रीइश्यू घ्यावा की नाही, असं नवे लोक विचारतात. खुशाल घ्यावा. रणगाडा आवडतो म्हणून घ्यायचा असेल तर झिजल्या डायचा टायगरही टायगरच असतो, आणि जुन्याशेजारी ठेवला की तो जुनाही आपल्याला जास्त वाचता येतो. पैसे गुंतवायचे असतील तर मात्र खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नये. 'रेअर आहे' असं कुणी सांगितलं की मी किंमत विचारत नाही, डायचं काय झालं ते विचारतो. मोडीत गेली, गंजली, विकली, की अजून कुठल्या रॅकवर आहे? तिचा ठावठिकाणा लागत नाही तोवर तो रणगाडा दुर्मिळ झालेला नाही, सध्या मिळत नाही इतकंच.