पाठीवरचे घर

सन १९५५ मध्ये अमेरिकेतील एमा गेटवूड या ६७ वर्षांच्या आजींनी ‘ॲपलाचियन ट्रेल’ ही तीन हजार किलोमीटरांहून अधिक लांबीची डोंगरवाट एकटीने पूर्ण केली. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पायांत साधे कापडी बूट आणि पावसापासून बचावासाठी न्हाणीघरात लावतात तसला प्लास्टिकचा पडदा, एवढाच त्यांचा सरंजाम! तंबू त्यांच्याजवळ नव्हताच. ही हकिकत ऐकून ‘ओझे जितके कमी, तितकी भटकंती उत्तम’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु त्या वाटेवर ठिकठिकाणी लाकडी निवारे होते, अनेक घरांनी आजींना आसरा दिला होता आणि आदल्या वर्षीचा पहिला प्रयत्न वाट चुकल्यामुळे त्यांना सोडून द्यावा लागला होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. हलका निवारा पुरेसा ठरतो तो परिसराच्या माहितीमुळे आणि हाताशी असलेल्या पर्यायांमुळे.

आपल्याकडेही पाठीवर सॅक टाकून एकट्याने डोंगरात मुक्कामास जाणाऱ्यांची संख्या कमी नाही. अशा भटक्याचे गणित समूहापेक्षा निराळे असते. दोघांचा अडीच किलोचा तंबू दोघांत वाटून घेता येतो. एकट्याला तंबू, स्वयंपाकाचे साहित्य आणि पाणी असे सारे स्वतःच वाहावे लागते. म्हणून निवाऱ्याचे वजन एक ते दीड किलोच्या आत असावे, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र रात्री तंबू फाटला वा पांघरूण भिजले, तर मदतीलाही दुसरे कोणी नसते.

निवाऱ्याचे प्रकार

सर्वांत हलका व स्वस्त निवारा म्हणजे ताडपत्रीवजा पातळ कापड. सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचे असे कापड साधारण अर्ध्या किलोत मिळते. ते दोन झाडांमध्ये दोर बांधून किंवा चालण्याच्या काठ्यांवर ताणून उभारता येते. हवा खेळती राहते. पण वाऱ्यासोबत येणारा तिरपा पाऊस, डास आणि विंचूकाटा यांना अटकाव होत नाही.

दुसरा प्रकार एकपदरी तंबूचा. वजन कमी, उभारणीही सोपी. परंतु श्वासातील बाष्प थंड कापडावर दवासारखे साचते आणि पहाटेपर्यंत स्लीपिंग बॅग दमट होते. पिसे भरलेली बॅग ओली झाली की तिची ऊब बरीचशी नाहीशी होते. दुपदरी तंबूत आतील जाळीदार कापड आणि बाहेरचे जलरोधक आच्छादन यांत पोकळी असल्याने हा त्रास कमी होतो. वजन मात्र वाढते.

तिसरा मुद्दा उभारणीचा. काही तंबू स्वतःच्या कमानींवर उभे राहतात, तर काहींना मेखा ठोकून ताण द्यावाच लागतो. दुसरा प्रकार हलका असला, तरी सह्याद्रीच्या कातळावर मेख शिरत नाही. तेथे दोर बांधण्यासाठी मोठे दगड शोधावे लागतात आणि अंधारात ही कसरत जिकिरीची होते.

खरेदी करताना वेष्टनावरील वजन चौकसपणे वाचावे. अनेकदा ते केवळ कापड व कमानींचे असते. मेखा, दोर आणि पिशवी त्यात धरलेली नसतात. कर्जाच्या करारातील बारीक अक्षरे वाचण्याची सवय येथेही उपयोगी पडते! कापडाची जलरोधकता मिलिमीटरमध्ये दिलेली असते. १५०० मि.मी. याचा अर्थ, तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब ते कापड गळती न होता पेलते.

स्थळ आणि ऋतू

हिवाळ्यात सह्याद्रीत आकाश निरभ्र असते. त्या दिवसांत ताडपत्री आणि मच्छरदाणी एवढ्यावर रात्र सुखाची जाते. पावसाळ्यात घाटमाथ्यावरील वारा व पाऊस यांपुढे तेच कापड अपुरे पडते. त्या वेळी पायथ्याच्या गावातील देऊळ किंवा परिचिताची ओसरी हाच उत्तम निवारा. रतनगडासारख्या गडांवर गुहांचाही आधार मिळतो.

हिमालयाची गोष्ट वेगळी. उंची हजार मीटरने वाढली, की तापमान सरासरी सहा ते साडेसहा अंशांनी उतरते. उंचावर अवेळी हिमवर्षाव आणि सोसाट्याचा वारा गृहीत धरावाच लागतो. तेथे बर्फाचा भार पेलणाऱ्या भक्कम कमानींचा दुपदरी तंबू न्यावा. वाढलेले पाऊण किलो वजन हा सुरक्षिततेचा हप्ता समजावा. मुक्कामाचे नियमही आधी तपासावेत. सन २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने तेथील बुग्यालांवर, म्हणजे उंचावरील कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामास मनाई केली होती. अभयारण्यांतही वनखात्याची परवानगी लागते.

जागा निवडताना कोरड्या ओढ्याचे पात्र टाळावे. दूर कोठे पाऊस पडला तरी तेथे अचानक पाणी येऊ शकते. दरीच्या तळाशी थंड हवा साचते, म्हणून किंचित उंचवट्यावरील, वाऱ्याच्या आडोशाची जागा घ्यावी. मात्र वीज पडण्याचा धोका असलेला उघडा माथा नको. आणि थंडी कितीही असो, बंद तंबूत शेगडी वा स्टोव्ह पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपेतच प्राण जाऊ शकतात.

नवा तंबू थेट डोंगरात नेऊ नये. आधी घराच्या गच्चीवर, दिवे मालवून, एकट्याने उभारून पाहावा; त्यावर दोन बादल्या पाणी ओतावे आणि एक रात्र त्यात झोपावे. कोठे गळते, कोणती गाठ सुटते, किती वेळ लागतो, हे तेथेच उमगते. घरी झालेली चूक फार तर एका रात्रीची झोप घालवते. तीच चूक एकाकी पठारावर झाली, तर ती सुधारून देणारे शेजारी कोणी नसते. ओझे किती कमी करायचे, याचा निर्णय या रात्रीनंतरच घेणे शहाणपणाचे.