पहिल्या पाळीची सायकल

माझे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी असली की आई पहाटे साडेचारला स्टोव्ह पेटवायची. वडील डबा कॅरिअरला अडकवायचे, पँटच्या पायाला क्लिप लावायचे आणि अंधारातच निघायचे. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. भोंगा व्हायच्या आधी अर्धा तास मुंबई-पुणे रस्त्यावर नुसत्या सायकली दिसत. पाळी सुटली की आम्ही मुलं कोपऱ्यावर उभे राहून त्या गर्दीत आपापले वडील शोधायचो. कपडे सगळ्यांचे सारखेच, त्यामुळे घंटीच्या आवाजावरून ओळखायचं!

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली पिंपरीच्या माळावर आली आणि या गावांचं रूप पालटलं. १९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली, मग आकुर्डी, चिंचवड, भोसरी इथं कारखान्यांची रीघ लागली. या सगळ्या उद्योगनगरीला कामावर पोचवलं ते प्रामुख्यानं सायकलनं. कारखान्याच्या फाटकाशी साहेबांच्या मोटारींसाठी चार जागा असत आणि कामगारांसाठी पत्र्याचा लांबलचक सायकल स्टँड.

याच कामगारांनी सायकलवरून येऊन स्कूटर आणि मोपेड जोडल्या. चेतक आणि लूना दोन्ही १९७२ सालच्या, दोन्ही याच परिसरातल्या कंपन्यांच्या. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस. पुढे गाड्या सहज मिळू लागल्या आणि स्टँडवरच्या सायकली एकेक करून कमी झाल्या.

त्यात माझाही हात आहे. १९८३ साली मी बँकेत लागलो आणि पुढे काही वर्षं या पट्ट्यातल्याच एका शाखेत दुचाकीच्या कर्जाचं टेबल माझ्याकडे होतं. पगाराची चिठ्ठी, दोन जामीनदार, मार्जिनचे पैसे, झाली केस मंजूर. समोरच्या माणसाचा चेहरा त्या दिवशी फुललेला असायचा. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. आठ तास यंत्रापुढे उभं राहिलेल्या माणसानं घरी जाताना पुन्हा पायडल का मारावं? मी स्वतःसुद्धा पहिली संधी मिळताच स्कूटर घेतलीच की.

पण त्याच टेबलापुढे एक बाई येऊन बसल्या होत्या, त्या विसरता येत नाहीत. सोबत सहावी-सातवीतला मुलगा. पिशवीतून त्यांनी पासबुक आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला काढला. कर्ज आमच्याच शाखेचं, मंजुरीवर सही माझी. रात्रपाळीहून येताना ट्रकनं उडवलं होतं. ‘‘साहेब, किती हप्ते राहिलेत?’’ एवढंच त्यांनी विचारलं. मी लेजर उघडून आकडा सांगितला. ऑडिटच्या वेळी हे खातं नियमित म्हणून दाखवलेलं होतं, हेही तेव्हा माझ्या डोक्यात येऊन गेलं.

निवृत्तीनंतर मी पुन्हा सायकल घेतली. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितलं, हे खरं कारण. आमच्याकडे आता रविवारच्या सायकलफेऱ्या जोरात असतात. रंगीत टी-शर्ट, हेल्मेट, शेवटी केळं आणि प्रमाणपत्र. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून पंढरपूरलाही लोक सायकलवर वारीला जातात. मला हे सगळं आवडतं, मीही त्यात असतो. फक्त या फेऱ्या निघतात तेव्हा पुढे पोलिसांची गाडी असते आणि रस्ता मोकळा असतो. सोमवारी सायकलवर कामाला जाणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही.

आणि असे लोक आहेत, भरपूर आहेत. भोसरीहून नाशिक रस्त्यानं मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी करत चाकणकडे संध्याकाळी पाळी बदलताना जाऊन बघावं. १९९९ साली बजाजनं चाकणला कारखाना काढला, २००९ साली मर्सिडीज आणि फोक्सवॅगन आले, पाठोपाठ महिंद्र. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी ही ज्वारी-कांद्याची गावं आता मोटारींच्या जगात ठाऊक झाली. कायम कामगारांना न्यायला कंपनीची बस येते. कंत्राटी पोरगा मात्र चौघांत एक खोली करून राहतो आणि जुनी सायकल घेऊन निघतो. त्याच्या एका बाजूला मोटारी लादलेले लांबच लांब ट्रेलर, दुसऱ्या बाजूला खडीची साइडपट्टी. डांबर आणि साइडपट्टी यांत वीतभर फरक. खाली उतरला तर घसरतो, वर राहिला तर हॉर्न!

सायकलसाठी काहीच झालं नाही असं नाही. पिंपळे सौदागरला २०१८ च्या सुमारास भाड्याच्या सायकली आल्या. २०२० साली केंद्र सरकारनं सायकलस्नेही शहरांसाठी काढलेल्या उपक्रमात पिंपरी-चिंचवडनं भाग घेतला. मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा डब्यात सायकल नेण्याची मुभा दिली गेली. पण सायकल ट्रॅक म्हणून रंगवलेल्या पट्ट्यावर बघावं तर मोटार उभी, नाहीतर पाणीपुरीची गाडी. आणि हे सगळं घडलं ते फ्लॅटच्या वस्तीत. जिथं सायकल गरज आहे, त्या कारखान्यांच्या रस्त्यावर ते पोचलंच नाही.

हॉलंडचं नाव काढलं की आपल्याकडे म्हणतात, तिकडची गोष्टच वेगळी. पण तिथंही १९७० च्या आसपास मोटारींनी सायकलला रस्त्यावरून हुसकलंच होतं. १९७१ या एका वर्षात त्या एवढ्याशा देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. विक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी सायकलवरून शाळेत जाताना गेली. त्यानं १९७२ साली वर्तमानपत्रात लेख लिहिला, मथळा होता ‘मुलांच्या हत्या थांबवा’. त्याच नावाची चळवळ उभी राहिली, आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले. पुढच्या वर्षी तेलाचं संकट आलं आणि सरकारलाही सायकल आठवली. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. हा सरकारी आकडा आहे.

बँकेची सवय, म्हणून एक हिशेब मांडतो. रोज जाऊन-येऊन सोळा किलोमीटर, महिन्याचे सव्वीस दिवस, मोटारसायकल लिटरला पन्नास देते असं धरा. महिन्याला आठ लिटरच्या वर पेट्रोल झालं. लिटरला शंभर रुपये धरले तरी आठशे तीस रुपये, आणि लिटरमागे सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड म्हणजे महिन्याला एकोणीस किलो. चाकणच्या या मुलाच्या नावावर हा धूर नाही. पर्यावरणाचं भाषण न ऐकता तो रोज तेवढं वाचवतो. त्याच्यासाठी काय हवं? वेगळा पूल नको. साइडपट्टी डांबराच्या पातळीत आणून मोकळी ठेवावी. कारखान्याच्या फाटकाजवळचे दिवे लागावेत. पाळी सुटते त्या अर्ध्या तासात अवजड गाड्यांना थोपवावं, नाहीतर निदान त्यांचा वेग उतरवावा. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे आपण शाळेत शिकलेलोच आहोत.

गेल्या पावसाळ्यानंतर मी एकदा मोशीच्या पुढे गेलो आणि चाक पंक्चर झालं. टपरीवर एक पोरगा चेन बसवून घेत होता. लातूरकडचा, विशीतला. त्याच्या मागच्या मडगार्डला तारेनं एक जुनी सीडी बांधलेली होती.

‘‘हे कशाला रे?’’

‘‘गाडीचा उजेड पडला की चमकती, काका. दिवा लावला हुता, चोरीला गेला.’’

त्याचा खोलीतला जोडीदार जुलैमध्ये याच रस्त्यावर पडला होता. पाय मोडला, गावी गेला, त्याच्या जागी दुसरा आला. कोणत्या गाडीनं उडवलं ते कळलंच नाही. ‘‘त्याचीच सायकल हाय ही,’’ तो म्हणाला.

माझ्या सायकलला मागे लुकलुकणारा लाल दिवा आहे. मी तो काढून त्याला देऊ केला. त्यानं उलटसुलट करून पाहिला, बटण दाबून बघितलं आणि परत दिला. ‘‘स्टँडवर ऱ्हात न्हाई काका, तुमच्याकडंच असू द्या.’’ सहा वाजून गेले होते. त्यानं डबा हँडलला अडकवला, टांग मारली आणि जरा पुढे जाऊन थांबला.

‘‘आता अंधार पडंल, तुमी फुडं येऊ नका,’’ तो ओरडून म्हणाला. ‘‘फुडं रस्ता लई खराब हाय.’’

मी पंक्चरचे पैसे दिले आणि घराकडे वळलो.