मनोरुग्णांच्या निवासगृहात काय पाहावे?

हैद्राबादेत कोणी वेडेवाकडे बोलले की थट्टेने "एर्रागड्ड्याला पाठवा" म्हणतात. मुंबई-पुण्याकडे ठाणे, नाहीतर येरवडा. एर्रागड्ड्याला मोठे सरकारी मनोरुग्णालय आहे. पण औषधाने आजार आटोक्यात आला आणि घरी सांभाळणारे आईवडील थकले किंवा गेले, तर त्या माणसाने राहावे कुठे? मग दहा-वीस खाटांच्या एखाद्या लहान खाजगी निवासगृहाचा शोध सुरू होतो.

अशा घरात माणूस ठेवताना आपण फी विचारतो, फरशी पाहतो आणि निघतो. तेवढे पुरत नाही. तामिळनाडूत एरवाडी येथील एका खाजगी निवासगृहाला 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे आग लागली. माणसे साखळदंडाने बांधलेली होती. 28 जण मेले. पळता आले असते तर त्यांतले पुष्कळ वाचले असते.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला तत्काळ इजा करील असा धोका असेल आणि दुसरा उपायच नसेल, तरच त्याला काही वेळ आवरून धरता येते. तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून. त्याने नेमलेल्या प्रतिनिधीला 24 तासांत कळवावे लागते. म्हणून ही नोंदवही दाखवा, असे बेलाशक म्हणावे. रात्री दाराला कुलूप असते काय, आणि किल्ली कोणाजवळ असते, हेही विचारावे.

नंतर स्वयंपाकघरात जावे. जून 2025 मध्ये एर्रागड्ड्यालाच अन्नातून विषबाधा झाल्याचा संशय आला. एक रुग्ण दगावला, अनेक आजारी पडले. मोठ्या संस्थेत हे घडते, तर लहान जागी, जिथे एकच बाई स्वयंपाकही करते आणि औषधेही वाटते, तिथे अधिक डोळस राहावे लागते.

हैद्राबादच्या एप्रिल-मे महिन्यांत पाण्याकडे विशेष लक्ष हवे. रुग्णाला लिथियम चालू असेल, तर घाम, जुलाब किंवा कमी पाणी यांमुळे रक्तातले लिथियम धोकादायक पातळीला चढते. हात जोराने थरथरणे, उलट्या-जुलाब, बोलणे जड होणे, झोकांड्या जाणे ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा. "आज जरा सुस्त आहे" म्हणून निजवून ठेवू नये. मीठ एकदम तोडू नये, आणि रक्ताची तपासणी डॉक्टर सांगतील त्या मुदतीत करावी. रांजण रुग्णांच्या हाताशी आहे की कार्यालयाच्या दाराआड, एवढे पाहिले तरी त्या घराची पुष्कळ परीक्षा होते. क्लोझापिन घेणाऱ्याचा घसा दुखून ताप आला तर रक्त तपासावे लागते; त्याला बद्धकोष्ठ झाला तरी हसण्यावारी नेऊ नये. रोज शौचाला झाली का, हे तिथल्या मावशी विचारतात काय?

कित्येक निवासगृहांत भाजीचे वाफे असतात. मातीत काम केल्याने मन रमते, यात शंका नाही. परंतु कायदा सांगतो की रुग्णाला कामाची सक्ती करता येत नाही, आणि काम केले तर योग्य मोबदला द्यावा लागतो. वांगी बाजारात जात असतील तर पैसे कोणाच्या खिशात जातात, हा प्रश्न अगदी रास्त आहे. सक्तीने डोके भादरणेही बेकायदा. स्वतःचे कपडे घालण्याचा, फोनवर बोलण्याचा आणि भेटायला आलेल्यांना भेटण्याचा हक्क रुग्णाला आहे. "भेटीने पेशंट बिघडतो" असे सांगून महिनोन्‌महिने भेट टाळणारे घर मला तरी संशयास्पद वाटते.

दाखल करून झाल्यावर न कळवता अधूनमधून जावे, आणि जेवणाच्या वेळीच जावे. आपल्या माणसाशी पाच मिनिटे एकट्याने बोलावे. वजन, नखे, पायांच्या टाचा पाहाव्यात. निवासगृहाची नोंदणी राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे असावी लागते. तक्रार ऐकणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता व फोन निवासगृहात ठळक लावलेला असला पाहिजे. तो तिथेच उतरवून घ्यावा. कोठे सुरुवात करावी हेच सुचत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक फुकट लागतो.