समुद्र कुणाबरोबर बघायचा?

डिसेंबर उजाडला की महाविद्यालयांतून सहलींचे बेत सुरू होतात. मुलगा ‘गोव्याला चाललोय’ म्हणाला, तर आई चिवड्याचा डबा भरून देते. मुलीनं तेच म्हटलं की घरात शांतता पसरते. ‘गोवा? तिथं काय ठेवलंय?’ गोवा म्हणजे दारू, परदेशी पर्यटक आणि सिनेमात दिसतो तो धिंगाणा, एवढंच आपल्या डोक्यात बसलेलं. गोव्यातही माणसं राहतात, त्यांच्या लेकीबाळी शाळा-कॉलेजात जातात, हे आपण विसरूनच जातो.

मी बार्शीला राहते. गेल्या वर्षी इथल्या एका महाविद्यालयातल्या, कला शाखेच्या शेवटच्या वर्षातल्या 38 मुलींची पणजीला सहल ठरली. घरच्यांना भरवसा वाटावा म्हणून दोन मॅडम आणि सरांबरोबर मीही यावं, असं प्राचार्यांनी सुचवलं. बचत गटांच्या कामामुळे बहुतेक घरं माझ्या ओळखीची. 38 पैकी 11 संमतीपत्रं सहीशिवाय परत आली, तेव्हा त्या अकरा घरी मी गेले. पैशांची अडचण दोनच घरांत होती. बाकीच्यांचं ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘जमाना बरा नाही’. एक वडील तर हसत म्हणाले, “ताई, समुद्र काय पळून जातोय व्हय? लग्न झाल्यावर नवऱ्यासंगं जाईल की बघायला.” त्यांच्या मागं उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला मी विचारलं, “तुम्ही बघितलाय?” तिनं नुसती मान हलवली. लग्नाला तिच्या बावीस वर्षं झाली होती.

सात घरांतून होकार मिळाला, चार घरांतून नाही.

पालकांची सगळीच भीती खोटी असते, असं मात्र मी म्हणणार नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. ती बातमी वाचून कुठल्या आईच्या पोटात गोळा आला नसेल? त्यानंतर सहलींचे नियमही कडक झाले. पण या भीतीला उत्तर ‘जाऊ नको’ हे आहे की ‘शिकून जा’ हे?

आम्ही शिकून जायचं ठरवलं. निघण्याआधी भूगोलाच्या सरांनी दोन तास फक्त समुद्रावर घेतले. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब त्यांनी फळ्यावर मांडला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भरती बेताची. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून समुद्राची वेळ सांगता येते, याचं मुलींना कोण नवल वाटलं!

किनाऱ्यावरच्या झेंड्यांचंही तसंच. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पाण्यावर जीवरक्षकांचं लक्ष असतं; नुसता लाल झेंडा म्हणजे धोका. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधेच एक पट्टा शांत दिसतोय, तर नवख्याला वाटतं तिथंच उतरावं. खरं तर परतणारं पाणी बऱ्याचदा तिथूनच समुद्राकडे ओढत नेतं. त्या ओढीत सापडलं तर तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे झगडायचं नाही, माणूस दमतो आणि बुडतो. तरंगत राहून हात वर करायचा, पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर यायचं. मुलींकडून सरांनी हे पाठच करून घेतलं.

एक गोष्ट मी बायकांच्या बाजूनं सांगितली. सहलीत ‘अडचण’ नको म्हणून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मैत्रिणी-मैत्रिणीत वाटल्या जातात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घ्यायच्या नाहीत, असं बजावलं आणि सॅनिटरी पॅडचे दोन मोठे पुडे बरोबर घेतले. दर तीन तासांनी बस स्वच्छतागृहापाशी थांबेल, हेही ठरवून टाकलं. नाहीतर लघवीला जावं लागू नये म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत.

प्रासंगिक करारावर एसटी घेतली आणि 34 मुलींना घेऊन कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी करत पणजी गाठली. पणजी 1843 साली गोव्याची राजधानी झाली. शहर छोटं, पायी फिरता येण्याजोगं. फोंतेन्हासमधली पिवळी-निळी घरं, मांडवीच्या काठावरची, चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेली कला अकादमी, 1832 पासूनची परंपरा सांगणारं मध्यवर्ती ग्रंथालय. बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत पायी प्रवाशांना तिकीट नसतं, म्हणून मुलींनी दोनदा नदी ओलांडली. मासळी बाजारात ठसक्यानं भाव करणाऱ्या विक्रेत्या बायका पाहून आमच्यातल्या माळकरी घरातल्या मुलीसुद्धा नाकाला रुमाल लावून अर्धा तास उभ्या राहिल्या! कोकणी त्यांना निम्मी कळली, निम्मी हसण्यावारी गेली. 1973 ते 1979 या काळात शशिकला काकोडकर ही बाई इथं मुख्यमंत्री होती, हे ऐकून एकीनं लगेच विचारलं, “आणि आपल्याकडं कधी?”

संध्याकाळी मिरामार. 34 पैकी 29 जणी समुद्र पहिल्यांदाच बघत होत्या. उजनीचं पाणी बघितलेली एक म्हणाली, “काकू, पलीकडचा काठ कुठाय?” दुसरीनं बोट बुडवून चाखलं आणि ओरडली, “खरंच खारट आहे की!” मांडवी तिथंच समुद्राला मिळते, त्यामुळे प्रवाह फसवा. मुली घोट्याएवढ्या पाण्यातच राहिल्या आणि पुढं जाणारीला ओढून आणायला आम्हाला जावं लागलं नाही, त्या एकमेकींनाच हटकत होत्या.

मुलींना सगळ्यात जास्त बोलतं केलं ते मात्र समुद्रानं नव्हे. ओळखीच्या एका वकीलबाईंनी रात्री तासभर गप्पा मारल्या. गोव्यात 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा 1961 च्या मुक्तीनंतरही कायम राहिला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. घर विकायचं तर बायकोचीही संमती लागते. मुलगा-मुलगी वारस म्हणून सारखेच, आणि मृत्युपत्र करूनही निम्मी मालमत्ता मुलांपासून सहसा तोडता येत नाही. “म्हणजे आईला न विचारता बापाला रान विकता येत नाही?” मागून प्रश्न आला. विचारणारीच्या घरी काय घडलं होतं, हे मला ठाऊक होतं. वकीलबाईंनी हेही सांगितलं, की कायदा असला तरी बहिणींकडून हक्क सोडल्याच्या सह्या इथंही घेतल्या जातात. आपल्याकडंही 2005 पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, आणि हक्कसोडपत्रं मात्र चालूच आहेत. कायदा माहीत असणं ही पहिली पायरी, सही करताना हात आखडता घेणं ही दुसरी.

म्हणून मैत्रिणींनो, मुलीला अडवण्याआधी प्रश्न विचारा. बरोबर किती शिक्षिका आहेत? मुक्काम कुठं? समुद्रावर किती वाजता, त्या दिवशी तिथी कोणती? प्रथमोपचाराची पेटी आहे का? उत्तरं नीट मिळाली तर पाठवा. नाही मिळाली, तर महाविद्यालयाला धारेवर धरा. मुलीला घरात बसवून सहल सुरक्षित होत नाही.

न आलेल्या चौघींपैकी एकीचं लग्न मे महिन्यात झालं. परवा भेटली. समुद्र बघितला का, विचारलं. “यांना सुट्टी मिळत नाही, काकू.”

या वर्षीच्या संमतीपत्रावर वडिलांच्या सहीखाली आईच्या सहीसाठीही एक ओळ ठेवायला आम्ही प्राचार्यांना सांगितलंय.