दोन तारा, दोन मालक: एसएम बस आणि तिचा ड्रायव्हर

मागच्या व्याख्यानात आपण पीसीआय बस पाहिली. संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम मदरबोर्डावरच्या उपकरणांची हजेरी कशी घेते, ते आपण समजून घेतलं. आज त्याच हजेरीतलं एक नाव घेऊ, जे अनेकांनी वाचलेलं असतं पण कधी उघडून पाहिलेलं नसतं: एसएम बस कंट्रोलर.

विंडोज नव्याने टाकलं, डिव्हाइस मॅनेजर उघडला, की या नावापुढे बऱ्याचदा पिवळं उद्गारचिन्ह दिसतं. तपशिलात गेलं की 'कोड २८' असं येतं, म्हणजे ड्रायव्हर बसवलेला नाही. आणि गंमत अशी की संगणक मात्र व्यवस्थित चालू असतो. मग दोन प्रश्न उरतात. ड्रायव्हर नसताना हे चालतं कसं? आणि ड्रायव्हर टाकल्यावर बदलतं काय? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना आपण एका तिसऱ्या, जास्त महत्त्वाच्या प्रश्नाशी पोचणार आहोत: या बसचा मालक कोण?

बस आहे तरी काय?

फिलिप्स कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आय२सी नावाची एक साधी पद्धत काढली. फक्त दोन तारा. एकीवर घड्याळाचे ठोके, दुसरीवर माहिती. त्याच पायावर १९९५ मध्ये सिस्टिम मॅनेजमेंट बसची, म्हणजे एसएम बसची पहिली व्याख्या झाली. त्यात इंटेलचा पुढाकार होता आणि डोळ्यांसमोर होती लॅपटॉपची 'स्मार्ट' बॅटरी. पुढे मदरबोर्डावरची बारीकसारीक कामं याच बसवर आली: तापमान मोजणाऱ्या चिप, पंख्यांचं नियंत्रण, मेमरी मोड्यूलवरची माहितीची चिप.

वेग अगदी माफक, मूळ व्याख्येत १० ते १०० किलोहर्ट्झ. प्रत्येक चिपला ७ बिटांचा पत्ता असतो. १२८ पैकी राखीव पत्ते वगळले तर ११२ वापरता येतात. मेमरी मोड्यूलवर जी छोटी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. हे मोड्यूल किती क्षमतेचं, कोणत्या वेगाने चालणारं, ते तिच्यात लिहिलेलं असतं. या चिपचे पत्ते षोडशमान पद्धतीत ५० ते ५७. डीडीआर३ मध्ये ही माहिती २५६ बाइट, डीडीआर४ मध्ये ५१२ बाइट.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. संगणक सुरू झाल्या झाल्या बायोस एसपीडी वाचतं आणि त्यावरून मेमरी जुळवून घेतं. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमचा पत्ताही नसतो. म्हणजे विंडोज किंवा लिनक्स जागं होण्याआधीच या बसचं सर्वांत महत्त्वाचं काम उरकलेलं असतं. पिवळं चिन्ह असूनही मेमरी चालते ती त्यामुळेच.

विंडोजचा 'ड्रायव्हर'

पीसीआयच्या हजेरीत प्रत्येक उपकरण दोन गोष्टी सांगतं: मी कोणत्या जातीचं आणि कोणत्या कंपनीचं. एसएम बस कंट्रोलरची जात ०सी०५. इंटेलचा कंपनी क्रमांक ८०८६, एएमडीचा १०२२. त्यापुढे उपकरणाचा क्रमांक. इंटेलच्या ७ मालिकेच्या चिपसेटमधल्या एसएम बसचा तो १ई२२ आहे.

इंटेल 'चिपसेट सॉफ्टवेअर' म्हणून जे पॅकेज देतं, ते पाहिलं तर गंमत कळते. एसएम बससाठी त्यात मुख्यतः आयएनएफ फाइल असते, म्हणजे साधा मजकूर. ती विंडोजला एवढंच सांगते: हा क्रमांक दिसला तर उपकरणाचं नाव हे, आणि यासाठी काही चालवायची गरज नाही. पिवळं चिन्ह जातं, नाव नीट दिसतं, प्रकरण मिटतं. संगणक यामुळे वेगवान होत नाही. ही गोष्ट कळली तर 'तुमचे ड्रायव्हर जुने झाले आहेत' असं घाबरवणारी सॉफ्टवेअर उतरवायची वेळ येत नाही. संगणक किंवा मदरबोर्ड ज्या कंपनीचा, तिच्याच साइटवरून चिपसेटचं पॅकेज घ्यायचं, बस्स.

चॅटमध्ये एक प्रश्न आलाय: "मग तापमान दाखवणारे, मेमरीचे दिवे रंगवणारे प्रोग्राम कसे चालतात?" चांगला प्रश्न आहे. असे प्रोग्राम बहुधा स्वतःचा कर्नल ड्रायव्हर बरोबर आणतात आणि थेट कंट्रोलरच्या रजिस्टरांना हात घालतात. असे दोन प्रोग्राम एकाच वेळी चालले तर? आणि बायोसही त्याच वेळी बस वापरत असेल तर? इथून खरा विषय सुरू होतो.

गोंधळ नेमका कुठे होतो

कंट्रोलरकडून काम करून घ्यायची रीत अशी. एका रजिस्टरमध्ये चिपचा पत्ता लिहायचा, दुसऱ्यात आज्ञा, तिसऱ्यात माहिती, आणि शेवटी 'सुरू' हा बिट. चार पायऱ्या. पण रजिस्टरांचा संच एकच.

समजा बायोसने दिलेला एसीपीआयचा कोड पंख्याचा वेग बदलतोय. त्याने पंख्याच्या चिपचा पत्ता लिहिला, माहिती लिहिली. 'सुरू' म्हणणार, एवढ्यात दुसऱ्या कोअरवरच्या ड्रायव्हरने एसपीडी वाचायला घेतली आणि पत्त्याच्या रजिस्टरमध्ये ५० लिहिलं. आता पंख्यासाठीचा आकडा कुठे जाणार? मेमरीच्या माहितीच्या चिपमध्ये. तिथे लिहिण्याला अटकाव नसेल तर पुढच्या वेळी संगणक सुरूच होणार नाही, असंही होऊ शकतं. दोन्ही बाजूंनी आपापलं काम बरोबरच केलेलं असतं. चूक असते ती एकमेकांना न विचारण्यात.

यावर उपाय म्हणून इंटेलच्या कंट्रोलरमध्ये एक बिट आहे. पहिल्यांदा वाचला की ० देतो, त्यानंतर वाचणाऱ्या प्रत्येकाला १. ज्याला ० मिळालं त्याने बस वापरायची, काम झालं की त्या बिटात १ लिहून तो मोकळा करायचा. एकेरी रेल्वेमार्गावरच्या टोकनसारखं हे आहे. टोकन हातात असेल तरच गाडी पुढच्या टप्प्यात न्यायची. फरक एकच, आणि तो मोठा आहे. रेल्वेत टोकनाशिवाय सिग्नल मिळत नाही. इथे हा बिट हार्डवेअरला कसलाच अटकाव करत नाही, इंटेलच्या कागदपत्रांतही तसं स्पष्ट लिहिलंय. सगळ्यांनी पाळला तरच त्याला अर्थ.

लिनक्सने काय शिकलं

लिनक्समध्ये या कंट्रोलरांचे खरेखुरे ड्रायव्हर आहेत. इंटेलसाठी आय२सी-आय८०१. हे नाव ८२८०१ या चिपच्या क्रमांकावरून आलं. एएमडीसाठी आय२सी-पीआयआयएक्स४. मुळात हा इंटेलच्या एका जुन्या चिपचा ड्रायव्हर, पण एएमडीच्या चिपसेटमध्ये रजिस्टरांची रचना त्याच वळणाची असल्याने तोच पुढे वाढवला गेला.

या ड्रायव्हरांच्या इतिहासातल्या तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

पहिली, जुन्या आयबीएम थिंकपॅडची. बसवर कोण कोण आहे हे शोधायला प्रत्येक पत्त्यावर एक छोटी हाक द्यायची पद्धत होती. हाकेत फक्त पत्ता आणि एक बिट, माहिती काहीच नाही. बहुतेक चिप ती निमूटपणे ऐकतात. पण काही थिंकपॅडमध्ये एटमेलची २४आरएफ०८ ही चिप होती. हाकांचा विशिष्ट क्रम आला की तिच्यातली माहितीच बिघडायची. लॅपटॉप सुरू होईना, दुरुस्तीला पाठवावा लागे. त्यानंतर पीआयआयएक्स४ ड्रायव्हरमध्ये तपासणी आली: यंत्र आयबीएमचं दिसलं तर चालायलाच नकार द्यायचा.

दुसरी, लपवलेल्या कंट्रोलरची. असूसच्या पी४बी मालिकेतल्या मदरबोर्डांचं बायोस एसएम बस कंट्रोलर पीसीआयच्या हजेरीतून लपवून ठेवत असे. लिनक्सच्या लोकांनी एक बिट बदलून तो उघडा करायची युक्ती काढली, आणि इतर यंत्रांसाठीही ती यादी वाढत गेली. पुढे तोशिबाच्या काही लॅपटॉपवर कळलं, की तिथे तापमानाचं काम बायोसचाच एक भाग, ऑपरेटिंग सिस्टिमला न दिसता, याच बसवरून करतोय. मग ती नावं यादीतून काढली. लिनक्सच्या त्या फाइलमध्ये आजही पुढच्यांसाठी इशारा लिहिलेला आहे: बायोस बस वापरत असेल, तर ती लपलेली राहणंच योग्य.

तिसरी, माघार घेण्याची. २०१६ पासून आय८०१ ड्रायव्हर लक्ष ठेवतो. एसीपीआयच्या कोडने या रजिस्टरांना हात लावलेला दिसला, की ड्रायव्हर नोंद करतो की बायोस एसएम बस वापरतंय, आणि स्वतः हात काढून घेतो. पुढची प्रत्येक विनंती 'व्यस्त' म्हणून परत जाते.

याशिवाय इंटेलच्या नव्या कंट्रोलरमध्ये एसपीडीच्या पत्त्यांवर लिहायला बंदी करणारं एक कुलूप असतं. बायोसने ते लावलं की पुन्हा सुरू करेपर्यंत निघत नाही. आपल्या लॉगमध्ये ती ओळ दिसली तर काळजी करू नका. ती चांगलीच बातमी आहे.

आपण काय करायचं?

लिनक्सवर शिकायचं असेल तर आधी एलएसपीसीआयने कंट्रोलर पाहा, मग कर्नलचा लॉग वाचा. एसपीडी वाचायला डीकोड-डिम्स हा प्रोग्राम आहे. तो कर्नलच्या ड्रायव्हरमार्फत वाचतो, लिहीत नाही. आय२सीडिटेक्ट चालवायचं असेल तर रोजच्या कामाच्या यंत्रावर नको. 'एसीपीआयशी संघर्ष' असा संदेश आला, की इंटरनेटवर लगेच सल्ला मिळतो: कर्नलला 'लॅक्स' हा पर्याय द्या, ड्रायव्हर चालेल. ड्रायव्हर चालेल हे खरं. पण संघर्ष तिथेच राहील, फक्त तो अडवणारं कुणी उरणार नाही; लॉगमध्ये नुसता इशारा राहील.

आपण सहसा म्हणतो, चांगला ड्रायव्हर म्हणजे उपकरणाचं सगळं सामर्थ्य उघडं करणारा. या दोन तारांवर तो निकष पुरत नाही. इथे चांगला ड्रायव्हर आधी विचारतो, आणि उत्तर 'नाही' असेल तर थांबतो. विंडोजची रिकामी आयएनएफ फाइल आणि लिनक्सची माघार, या दोहोंत हेच शहाणपण आहे.

पुढच्या भागात डीडीआर५ घेऊ. तिथे एसपीडी १०२४ बाइटची झाली, चिपचा हब झाला आणि आय२सीच्या जागी आय३सी येऊ घातलं. तोपर्यंत आपापल्या यंत्राचा लॉग वाचून ठेवा. काय सापडलं त्यावर पुढच्या वेळी बोलू.