रोग होऊच नये म्हणून : तरुण लष्करी डॉक्टराचा एक आठवडा

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याबरोबर आखीव नगर वसले आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे तेथे स्थायिक झाली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. परंतु या नगरावरही २०१८ च्या पावसाळ्यात डेंग्यूची मोठी साथ आली व कित्येकांना प्राण गमवावे लागले. साथ आल्यावर रुग्णालये अहोरात्र राबतात. ती येऊच नये म्हणून आठवड्यामागून आठवडे काय करावे लागते, याचा धडा मात्र सैन्याकडून घेण्यासारखा आहे.

सैन्याने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. येथील गोऱ्या शिपायांत दरवर्षी हजारी ६९ मृत्यू होत होते आणि त्यांतील बहुतेक ज्वर, हगवण, पटकी अशा रोगांनी होत होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हा प्रश्न अनेक वर्षे लावून धरला. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू आढळले. शत्रू कोठे दबा धरून बसतो, हे तेव्हा उमगले.

पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १ मे १९४८ रोजी स्थापन झाले, एम.बी.बी.एस.चे शिक्षण तेथे १९६२ पासून दिले जाते. पदवी परीक्षेनंतरच्या उमेदवारीच्या वर्षात, २०२१ च्या देशव्यापी नियमांनुसार, बारा आठवडे सामाजिक वैद्यकासाठी राखलेले असतात. यालाच पूर्वी प्रतिबंधक वैद्यक म्हणत. लष्करी छावणीत हे काम ‘स्टेशन हेल्थ ऑर्गनायझेशन’ या आरोग्य पथकाकडे असते. पथकाबरोबर काम शिकणाऱ्या तरुण डॉक्टराचा आठवडा स्थूलमानाने पुढीलप्रमाणे जातो. वारांची वाटणी ठिकाणागणिक बदलते. कामे मात्र हीच असतात.

सोमवार पाण्याचा. उमेदवारापुढे हॉरॉक्सची पेटी ठेवली जाते. तीत सहा पांढरे पेले, एक काळा पेला व दोन ग्रॅमचा चमचा असतो. काळ्या पेल्यात चमचाभर ब्लीचिंग पावडरचे द्रावण करावयाचे, आणि तपासावयाच्या पाण्याने भरलेल्या पांढऱ्या पेल्यांत ते अनुक्रमे एक, दोन, तीन असे सहा थेंबांपर्यंत घालावयाचे. अर्ध्या तासाने सूचक द्रावण घातले की काही पेले निळे होतात. स्पष्ट निळा झालेला पहिला पेला तिसरा असेल, तर ४५५ लिटर पाण्यास तीन चमचे पावडर पुरते. उघडी राहिलेली पावडर हळूहळू निर्बल होते, आणि गढूळ पाण्याला ती अधिक लागते. म्हणून ठरीव मापावर न विसंबता हातातली पावडर व समोरचे पाणी यांचीच परीक्षा घ्यावी लागते.

मंगळवार डासांचा. हातात विजेरी व पळी घेऊन टाक्या, गटारे, जुने टायर, कुंड्यांखालच्या बशा आणि कूलर पाहत फिरावयाचे. ही फेरी दर आठवड्याला का? कारण डेंग्यू पसरविणाऱ्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारणतः सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पाणी काढून टाकले, तर अळीचा डास होण्यास अवधीच उरत नाही. एक आठवडा चुकला की तो डासांच्या पदरी पडतो.

बुधवारी लंगर, म्हणजे शिपायांचा भटारखाना. आचाऱ्यांची नखे, हातांवरील जखमा, हगवणीची तक्रार आणि विषमज्वराची लस यांची विचारपूस होते. गुरुवारी जवानांच्या मुलाबाळांचे लसीकरण व मातांची तपासणी. शुक्रवारी शौचालये, कचरा आणि बराकी. खाटांमध्ये पुरेसे अंतर आहे ना, आणि एकाचे डोके शेजाऱ्याच्या पायांकडे येईल अशी मांडणी आहे ना, हे पाहिले जाते. खोकल्यातून पसरणारे रोग त्याने आवरतात. शनिवारी आठवड्याच्या आजाऱ्यांची नोंदवही उघडली जाते. एकाच लंगरात जेवणारे चार जवान एकाच दिवशी जुलाबाने आजारी पडलेले दिसले, तर पुढच्या सोमवारची वाट पाहिली जात नाही.

शस्त्रक्रियागृहात रमलेल्या तरुणास हे काम आरंभी नीरस वाटणे स्वाभाविक आहे. बरा झालेला रुग्ण हात जोडून आभार मानतो. आजारीच न पडलेला जवान डॉक्टराला ओळखतही नाही. या कामाचे यश नोंदवहीच्या कोऱ्या रकान्यात असते, आणि तो कोरा रकाना वाचावयास शिकणे हेच या बारा आठवड्यांचे खरे शिक्षण होय.

ही शिस्त घरी आणण्यास गणवेश लागत नाही. भिलाई असो वा नागपूर, उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागतात, आणि पावसाळ्यात ते तसेच पाण्यासह पडून राहतात. आठवड्यातील एक वार ‘कोरडा दिवस’ म्हणून ठरवावा. कूलर, पिंप, फुलदाणी, पक्ष्यांचे पाण्याचे भांडे रिकामे करावे आणि आतील बाजू खरखरीत घासणीने घासावी. नुसते पाणी ओतून टाकणे पुरत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. हे काम मुलांवरही सोपवता येईल. शेजारच्या चार घरांनीही तोच वार पाळला तर अधिक चांगले, कारण डासाला कुंपण अडवीत नाही.